सँडब्लास्टने अक्षरे आणि नक्षी कोरताना: गोव्यात हे काम शिकू पाहणाऱ्यांसाठी

देवघराच्या दाराची काच, घराच्या नावाची पाटी, देवळात लावायची देणगीदारांच्या नावांची काळी ग्रॅनाइटची फळी, दफनभूमीतला संगमरवर. फोंडा तालुक्यात गेली काही वर्षे मी हीच कामे सँडब्लास्टने, म्हणजे दाबलेल्या हवेतून खरखरीत दाण्यांचा झोत मारून, करतो. सुरुवातीला शिकवायला कोणी नव्हते, त्यामुळे बऱ्याच काचा वाया घालवून शिकलो. आता मुले विचारायला येतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, "दादा, कॉम्प्रेसर कुठला घेऊ?"

कॉम्प्रेसरचे, म्हणजे हवा दाबून देणाऱ्या यंत्राचे, सांगतोच, पण आधी एक हिशेब ऐका. देवघराच्या एका दाराला मला चार तास लागतात. त्यात झोत मारायची गन हातात असते ती जेमतेम वीस मिनिटे. उरलेला वेळ अक्षरे जुळवणे, मास्क (न कोरायचा भाग झाकणारे चिकट आवरण) कापणे, चिकटवणे आणि झाकाझाक यात जातो. तेव्हा हे काम शिकायचे म्हणजे मुख्यतः मास्क शिकायचा.

फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. तत्त्व अजून तेच आहे. जोरात आलेला टोकदार कण काचेवर आपटला की काच टिचते आणि सूक्ष्म कपरी उडते. तोच कण रबरावर किंवा विनाइलवर (स्टिकरच्या प्लॅस्टिकवर) आपटला की ते दबते, कणाचा जोर पोटात घेते आणि कण परत उडतो. म्हणून दगडाला भोक पाडणारा झोत रबराच्या पातळ तुकड्यापुढे थांबतो. हे एकदा डोक्यात बसले की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप समजतात.

१. रेतीला हात लावू नका

नाव सँडब्लास्ट असले तरी रेती वापरायची नाही. समुद्रकिनाऱ्यावरची नाही, नदीची नाही, बांधकामाच्या ढिगातली चाळून घेतलेलीही नाही. रेतीचा कण आपटून फुटला की त्यातल्या सिलिकाची डोळ्यांना न दिसणारी धूळ होते. ती फुप्फुसात रुतून बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. कायद्यात हा नोंद करावाच लागणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. किनाऱ्यावरच्या रेतीत वर मीठही असते. ते गन, टाकी, नोझल (झोत निघतो ते तोंड) सगळे गंजवून टाकते. "फुकट मिळते तर..." असे कोणी सुचवले तर सरळ नाही म्हणा.

त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा गार्नेट घ्या. दुकानात नुसते "ग्रिट" म्हटले की कळते. फौंड्रीच्या कामामुळे कोल्हापूर आणि बेळगावकडे हा माल सहज मिळतो. मी तिकडूनच मागवतो. काचेसाठी १२० ते १८० नंबर, दगडात खोल जायचे असेल तर ६० ते ८०. नंबर वाढला की दाणा बारीक होतो. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड चाळून पुन्हा पुन्हा वापरता येते, म्हणून महाग वाटले तरी परवडते.

ग्रिट बदलले म्हणजे धोका संपला असे मात्र नाही. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतो, त्यामुळे दगडातूनच सिलिका उडते. लहान काम बंद कॅबिनेटमध्येच, म्हणजे बाहेरून हात घालून काम करायच्या पेटीत, करा आणि त्याला धूळ ओढणारा पंखा व फिल्टर लावा. मोठी फळी उघड्यावर मारायची असेल तर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा हुड, म्हणजे डोके झाकणारा टोप, लागतो. तोंडाला रुमाल बांधून किंवा औषधाच्या दुकानातला मास्क लावून हे काम कोणी करू नये. हुडला हवा देताना साध्या तेलाच्या कॉम्प्रेसरची नळी थेट जोडायची नाही. श्वासाच्या हवेसाठी वेगळी फिल्टरची व्यवस्था लागते.

२. सामान

तीन एचपीचा कॉम्प्रेसर साधारण १० ते १२ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट) हवा देतो. तीन मिलिमीटरच्या नोझलला ४० पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचे माप) तेवढी जेमतेम पुरते. त्याच नोझलला ८० पीएसआयला १७ सीएफएमच्या आसपास लागते. म्हणजे काचेची कामे तीन एचपीवर होतील, दगडाला पाच एचपी किंवा जास्त लागेल. विकणारा टाकी किती लिटरची ते उत्साहाने सांगतो. तुम्ही सीएफएम विचारा. टाकी मोठी आणि हवा कमी असेल तर पहिली दोन मिनिटे झोत छान येतो, नंतर झोत पडतो आणि काचेवर पट्टे उमटतात.

बाकीची यादी अशी:

- सक्शन गन, म्हणजे ग्रिट स्वतः ओढून घेणारी. सुरुवातीला ही पुरे. प्रेशर पॉट (दाबाच्या टाकीतून ग्रिट ढकलणारा) वेगाने काम करतो, पण चूकही वेगाने होते
- जाड भिंतीचा पाइप, प्रेशर रेग्युलेटर, पाणी पकडणारा वॉटर सेपरेटर
- कॅबिनेट, आतून उजेड असलेले. बघायच्या काचेवर बदलता येणारी प्लॅस्टिक फिल्म
- लांब रबरी हातमोजे, गॉगल, कानाचे मफ
- ग्रिट चाळायला बारीक चाळण, झाकणाचा ड्रम
- कटर आणि भरपूर ब्लेड, स्क्वीजी (विनाइल दाबून बसवायची पट्टी), टोकदार चिमटा, मास्किंग टेप, ट्रान्स्फर टेप (कापलेले विनाइल उचलून वस्तूवर न्यायला)
- आयसोप्रोपाइल अल्कोहोल किंवा स्पिरिट, धागे न सुटणारे सुती फडके

कटिंग प्लॉटर, म्हणजे संगणकावरच्या फाइलप्रमाणे विनाइल कापणारे यंत्र, पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठेही रेडियम कटिंगवाला सापडतो. फाइल द्या, कापून आणा. आपल्याकडे गाडीवरच्या स्टिकरला रेडियम म्हणतात तेच हे विनाइल.

३. कुठल्या वस्तूला कुठला मास्क

काचेवर नुसता दुधी रंग आणायचा असेल, म्हणजे फ्रॉस्टिंग, तर साइनबोर्डचे साधे विनाइल चालते. ते ०.०८ मिलिमीटरच्या आसपास जाड असते. फार वेळ मारले तर झिजून फाटते. काचेत खोल कोरायचे असेल तर सँडब्लास्टसाठी मिळणारे जाड विनाइल घ्या.

दगडाला रबरी शीट लागते. अर्धा ते एक मिलिमीटर, कडक चिकट पाठीची. ग्रॅनाइट पॉलिश केलेला असेल तरच ती नीट बसते. आपला चिरा (जांभा दगड) या कामाला अजिबात उपयोगाचा नाही. त्याला सगळीकडे भोके, मास्क धरत नाही आणि कडा ढासळतात. घराच्या चिऱ्याच्या गडग्यावर नाव हवे असेल तर ग्रॅनाइटची पाटी करून बसवा, असे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

सागवानावर काम सुंदर होते, कारण वलयांमधला मऊ भाग जास्त झिजतो आणि कडक भाग रेघांसारखा वर राहतो. पण कोऱ्या लाकडावर विनाइल चिकटत नाही. आधी सीलरचा (छिद्रे बुजवणाऱ्या लेपाचा) हात मारून पूर्ण वाळू द्या.

फोटो किंवा अगदी बारीक रेघांसाठी फोटो फिल्म मिळते. पारदर्शक कागदावर काळ्या शाईत डिझाइन छापायचे, फिल्मवर ठेवून अल्ट्राव्हायोलेट उजेड द्यायचा. उजेड लागलेला भाग टिकतो, काळ्याखालचा भाग पाण्याने धुऊन जातो. काम देखणे होते, पण ही फिल्म उन्हापासून आणि दमटपणापासून जपावी लागते. पहिल्या पावसात माझे अख्खे पाकीट एकमेकांना चिकटले होते. तिच्यावर १५० ते १८० ग्रिट आणि कमी प्रेशर.

एकच पाटी पन्नास वेळा करायची असेल तर पत्र्याचा स्टेन्सिल कापून घ्या. मास्क एकदा वापरून फेकायचा असतो, स्टेन्सिल पुन्हा पुन्हा वापरतात. पत्रा वस्तूला घट्ट टेकला पाहिजे. जरा फट राहिली की ग्रिट खाली शिरते आणि कड धूसर होते.

४. देवनागरीची खास पंचाईत

इंटरनेटवर जे शिकायला मिळते ते सगळे रोमन अक्षरांचे. आपली अक्षरे शिरोरेषेला टांगलेली, त्यांना पोटे (मधल्या बंद जागा) आहेत, वर अनुस्वार आणि खाली उकार. इथे नवखा माणूस हमखास अडकतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली अडचण फाइलची. डिझाइनच्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड मराठी फुटते. ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे सरकते, जोडाक्षरे सुटी होतात. गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर तसाच चिकटवला आणि न वाचता कापायला दिला की संपले. मजकूर बसवल्यावर तो कागदावर छापा आणि गिऱ्हाइकाची त्यावर सही घ्या. नावातला ऱ्हस्व-दीर्घ त्यांनाच ठरवू द्या.

दुसरी अडचण शिरोरेषेची. अक्षरांचे कर्व्ह केले, म्हणजे मजकुराची आकृती बनवली, की प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. डोळ्यांना अखंड दिसते, पण प्लॉटर प्रत्येक सांध्यावर आडवा कापतो. मग उचलताना तिथे विनाइलचे बारीक तुकडे अडकतात आणि मारल्यावर शिरोरेषेत खाचा दिसतात. सगळी अक्षरे, काने, मात्रा निवडून वेल्ड करा, म्हणजे एकाच आकारात जोडा, आणि आउटलाइन दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये तपासा. शब्दाची एकच सलग कड दिसली पाहिजे.

तिसरी अडचण पोटांची. व, ब, क, ष, भोवती खाल्ले, म्हणजे झोताने कोरले, की पोटातला तुकडा बेटासारखा एकटा राहतो. विनाइल मास्कमध्ये तो चिकटलेला असतो, म्हणून चालते. तरी लहान अक्षरात ब च्या पोटातल्या तिरक्या रेघेमुळे दोन इवली बेटे होतात. झोतात पहिली तीच उडतात. दीड-दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद विनाइलचा भरवसा धरू नका. अक्षर मोठे करा, नाहीतर पोट मोकळे असलेला फॉन्ट निवडा.

पत्र्याच्या स्टेन्सिलमध्ये तर बेट खाली पडतेच. त्याला पूल ठेवावे लागतात, म्हणजे पोट आणि बाहेरचा पत्रा यांना जोडणाऱ्या पट्ट्या. शिरोरेषाही सलग कापली तर पत्रा त्या लांब चिरेवर लवतो आणि कड उचलली जाते. अक्षरा-अक्षरांच्या मध्ये शिरोरेषेत पूल सोडा. पाटी जरा तुटक दिसते, पण वाचायला अडत नाही.

चौथी, आणि माझ्या खिशाला लागलेली. अक्षर खायचे की पार्श्वभूमी खायची हे आधी ठरवावे लागते. अक्षर खाल्ले तर अनुस्वार म्हणजे मास्कमधले एक भोक, काही बिघडत नाही. पार्श्वभूमी खाऊन अक्षर चकचकीत ठेवायचे असेल तर अनुस्वार म्हणजे विनाइलचा सुटा ठिपका. एका भजनी मंडळाच्या कपाटाची काच मी अशी केली. ठिपका कधी उडाला ते कॅबिनेटच्या धुरळ्यात दिसलेच नाही आणि काचेवर "भजनी मडळ" उमटले. खाल्लेली काच पुन्हा भरून येत नाही. नवी काच माझ्या पदरचीच गेली. तेव्हापासून अशा कामात अनुस्वार मी जाड ठेवतो, त्यावर दुसरा ठिपका चिकटवतो आणि दर मिनिटाला गन थांबवून बघतो.

५. काचेची कुठली बाजू?

हा प्रश्न डिझाइन उलटे करायच्या आधी सोडवा. न्हाणीघराच्या दाराला खरखरीत बाजू कोरड्या बाजूकडे हवी, कारण फ्रॉस्ट ओले झाले की आरपार दिसते. देवघराला खरखरीत बाजू बाहेर ठेवा. आत समईची काजळी आणि तेल असते, ते खरखरीत काचेत मुरले की निघत नाही. खोल कोरीव काम मात्र गुळगुळीत बाजूने बघितले की जास्त उठाव दिसतो, तिथे अक्षरे मागून, म्हणजे उलटी मारावी लागतात.

प्रत्येक काच आली की मी मार्करने "बघायची बाजू" असे तिच्यावर लिहितो. मग छापलेला कागद त्या बाजूने धरून बघतो. दोन मिनिटांचे काम, पण चुकवत नाही.

टफन्ड (तापवून कडक केलेली) काच असेल तर हलके फ्रॉस्टिंगच करा. खोल गेलात तर पूर्ण काच एका क्षणात चुरा होऊ शकते. खोल कोरून टफन्ड हवी असेल तर आधी कोरायचे आणि मग टफनिंगला पाठवायचे. किती खोल चालेल ते त्या कारखान्याला आधी विचारून घ्या. साध्या काचेतही मी जाडीच्या एक तृतीयांशापुढे जात नाही.

६. चिकटवणे आणि झाकणे

काच स्पिरिटने पुसा आणि त्यानंतर तिच्यावर उघडा हात ठेवू नका. बोटाच्या तेलकट ठशावर विनाइल धरत नाही. कापलेल्या विनाइलमधला जो भाग खायचा आहे तो चिमट्याने उचला, वर ट्रान्स्फर टेप दाबा, पाठीचा कागद सोडवा आणि मधून कडेकडे स्क्वीजी फिरवत बसवा. मोठ्या काचेवर साबणाच्या पाण्याने बसवणे सोपे जाते, पण मग ती रात्रभर वाळू द्यावी लागते. पावसाळ्यात दोन रात्री.

टेप काढताना काचेला समांतर, हळू ओढा. मग सगळ्या कडा नखाने दाबा. राहिलेली उघडी काच, कडा आणि मागची बाजूसुद्धा कागद व टेपने झाका. झोत आपटून परततो आणि मागून वळून येतो. मागच्या बाजूला पडलेला एक धूसर डाग पुसता येत नाही.

शेवटी काच उजेडासमोर धरून मास्कमधली टाचणीएवढी भोके शोधा. प्रत्येक भोक म्हणजे काचेवर पांढरा ठिपका.

७. मारणे

काचेला ३० ते ४० पीएसआय, ग्रॅनाइटला ६० ते ८०. सुरुवात नेहमी टाकाऊ तुकड्यावर, त्याच ग्रिटने, त्याच मास्कने. गन १५ ते २० सेंटिमीटरवर धरा. झोत पृष्ठभागाला सरळ काटकोनात पडला पाहिजे. तिरका मारला की तो मास्कच्या कडेखाली शिरतो, कड उचलतो आणि अक्षराची धार जाते. हात भिंत रंगवल्यासारखा एकसारखा फिरवा, आधी आडवा, मग उभा. एका जागी थांबलात तर तिथे खड्डा होतो आणि विनाइल तापून सैल होते.

मधे थांबून धूळ झटका आणि काच उजेडाकडे धरा. कमी मारलेले भाग चमकतात. ओल्या फडक्याने पुसून तपासू नका, ओल्या काचेत फरक दिसतच नाही.

पाइपमधून कोरडे ग्रिट धावले की स्थिर वीज साचते आणि हाताला चांगलाच झटका बसतो. कॅबिनेट आणि गनला अर्थिंग द्या.

फुलांची नक्षी असेल तर पाकळी पाकळीवर चढलेली दाखवता येते. मागून कोरताना बघणाऱ्याला जी पाकळी सर्वांत पुढे दिसायला हवी तिचा मास्क पहिल्यांदा उचला आणि ती सर्वांत खोल कोरा. मग तिच्यामागची, जरा उथळ. सगळ्यांत मागची पाने शेवटी. क्रम चुकला तर पुढच्या पाकळीची कड खाल्ली जाते. मास्कच्या प्रत्येक तुकड्यावर आधीच पेनाने आकडे घाला.

८. मास्क काढणे, रंग भरणे

ग्रॅनाइटच्या अक्षरांत सोनेरी किंवा पांढरा रंग भरायचा असेल तर मास्क असतानाच भरा. रंग अर्धवट वाळला की मास्क काढा, पूर्ण वाळल्यावर काढलात तर रंगाची कड मास्कबरोबर तुटून येते. काचेवर मास्क काढण्याआधी सगळे ग्रिट हवेने उडवून पाण्याने धुवा. एक दाणा जरी विनाइलखाली घासला गेला तरी गुळगुळीत भागावर ओरखडा उठतो. चिकटा राहिला तर रॉकेल, मग साबणपाणी.

ताज्या फ्रॉस्टवर बोटांचे ठसे लगेच उमटतात. काचेचा सीलर लावूनच काम गिऱ्हाइकाच्या हातात द्या.

९. पावसाळा आणि चवथ

सगळ्यात जास्त ऑर्डरी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी येतात. घर रंगवायचे, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायची, त्याबरोबर देवघराची नवी काच हवी. आणि नेमके तेच आपले पावसाचे दिवस.

दमट हवा दाबली की तिच्यातले पाणी सुटते. ते टाकीत, पाइपात आणि शेवटी ग्रिटमध्ये जाते. ग्रिटचे गोळे होतात, गन खोकल्यासारखी धक्के देत चालते. दिवसातून दोनदा टाकीखालचा कॉक उघडून पाणी सोडा. वॉटर सेपरेटर कॉम्प्रेसरला चिकटून लावू नका. मधे शक्य तितका लांब लोखंडी पाइप ठेवा, म्हणजे हवा थंड होऊन पाणी आधीच सुटते. ग्रिट ओले वाटले तर मोठ्या कढईत मंद आचेवर कोरडे करून झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा. काच बाहेरून आणली की तासभर आत ठेवा. तिच्यावर दिसत नसली तरी ओल असते आणि मास्क तिथेच सुटतो.

मी मे महिन्यातच ग्रिट आणि विनाइल भरून ठेवतो. चवथीच्या आधीच्या आठवड्यात नवी ऑर्डर घेत नाही, शेजारच्या काकींची असली तरी. घाईत बसवलेला मास्क सुटतो आणि सणाच्या तोंडावर नवी काच मिळत नाही.

१०. परवाने आणि कागद

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. आधार आणि पॅन पुरतात. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटकडे जाऊ नका. दुसऱ्याच्या काचेवर काम करून देणे ही जीएसटीच्या दृष्टीने सेवा ठरते. सेवेला गोव्यात नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल, तर नुसत्या मालाच्या विक्रीला ४० लाख.

पंचायतीच्या परवान्यासाठी माझ्याकडे जागेच्या घरपट्टीची पावती, मालकाचे ना हरकत पत्र आणि ओळखपत्र मागितले होते. तुमच्या पंचायतीत जाऊन आधी यादी लिहून घ्या. थ्री फेज विजेचा अर्ज त्याच वेळी करा, नाहीतर कॉम्प्रेसर येऊन पडतो आणि जोडणी नसते. आवाज आणि धूळ दोन्ही असल्याने दाट वस्तीतल्या वाड्यावर हे काम लावू नका. शेजाऱ्यांची तक्रार पंचायतीत गेली की परवाना अडतो. काम वाढले तर कुंडई, बेतोडे किंवा वेर्णा अशा औद्योगिक वसाहतीत लहान शेड भाड्याने बघा. तिथे गेलात की प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीची चौकशी करार करायच्या आधी करा.

पहिले तीन महिने पैसे घेऊन काम घेऊ नका. काचवाल्याकडून कापून उरलेल्या पट्ट्या आणा आणि त्यांवर घरातल्या सगळ्यांची नावे मारा. अनुस्वार असलेली नावे आधी घ्या.